डबी एकाची, यंत्र दुसऱ्याचं

आम्ही सौदीत खोबरला राहायला आलो त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे काका-काकू चहाला आले. काका म्हणजे नवऱ्याचे ऑफिसातले साहेब, म्हणून मी माहेरून आणलेली चांदीची वाटी काढली आणि तिच्यात चिवडा दिला. काकांनी चिवडा बशीत ओतला, वाटी उपडी केली, खिशातून भिंग काढून तिचं बूड तपासलं, मग ती नाकाशी नेऊन हुंगली आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने मला विचारलं, "नुकतीच घासलीत का हो?"

मी म्हटलं, "कालच. तुम्ही येणार म्हणून."

"अरेरे," ते म्हणाले. "आजीच्या काळापासूनचं काळेपण एका दुपारीत धुऊन टाकलंत."

"तू लक्ष देऊ नकोस गं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडची समई लग्न झाल्यापासून घासलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं मीच आळशी आहे."

या माणसाशी आपलं जमायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पण परदेशात शेजार निवडता येत नाही, आणि नवऱ्याचा साहेब तर कुठेच निवडता येत नाही.

काका मूळचे नाशिकचे. कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. म्हणजे टाक्या, पाइप, वेल्डिंगचे जोड यांच्यातली खोट शोधून काढायची, आणि खोट सापडेपर्यंत कुणालाही घरी जाऊ द्यायचं नाही. नवरा म्हणायचा की साहेबांना चांगला जोड दाखवला तर ते आधी नाराज होतात आणि मग संशय घेतात. हा पगाराचा भाग झाला. पगाराबाहेर त्यांना एकच वेड होतं, खिशातल्या जुन्या घड्याळांचं. साखळी लावून कोटाच्या खिशात ठेवत ती गोल, झाकणाची, बरीचशी चावीने चालणारी. लंडन-जिनिव्हाच्या लिलावांच्या याद्या त्यांना तोंडपाठ असत. कुठलं घड्याळ कितीला गेलं हे ते सहसा सांगत नसत; ते तेवढ्यालाच का गेलं, हे मात्र कुणी विचारलं नाही तरी सांगत.

आणि गंमत अशी की या माणसाच्या घरात एकही घड्याळ नव्हतं. भिंतीवर नाही, मनगटावर नाही. वेळ बघायची तर काकू मायक्रोवेव्ह बघत. काका ऑफिसची बस नियमाने चुकवत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना "किती वाजले हो?" असं विचारत जिना उतरत. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मिळालं नाही अजून."

"काय मिळालं नाही?"

"बिनखोटीचं."

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधून पहिलं लायसन मी काढलं. माझ्या मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याने पेढे वाटले आणि काकांनी त्याच संध्याकाळी दार वाजवून विचारलं, "शुक्रवारी दुपारी तू काय करतेस?" तोपर्यंत मी 'अहो'वरून 'अगं'वर आले होते. त्यांच्याकडेही लायसन होतं, पण गाडी चालवताना बाजूच्या दुकानाच्या काचेत काही जुनं दिसलं की त्यांचा पाय ब्रेकवर जायचा, म्हणून काकूंनी किल्ली लपवून ठेवली होती. साहेबांना नाही कसं म्हणायचं हा अवघड प्रश्न नवऱ्याने माझ्यावर सोपवला आणि तो झोपून गेला. अशी मी दर शुक्रवारी काकांना घेऊन शेजारच्या कतीफला जाऊ लागले.

कतीफच्या बाजारामागे पत्र्याची एक मोठी शेड आहे. शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर तिथे जुन्या वस्तूंचा हराज चालायचा. हराज म्हणजे लिलाव. आपल्याकडची जुनी माणसं हर्रास म्हणतात तोच हा शब्द. मधोमध एक दलाल स्टुलावर उभा राहतो आणि मखमल लावलेल्या ताटलीत एकेक वस्तू घेऊन बोली पुकारतो. दल्ल्या म्हणजे कॉफीच्या चोचदार किटल्या, खंजीर, रेडिओ, मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे तराजू, आणि सगळ्यात शेवटी घड्याळं. पुकारण्याआधी ज्याला हवं त्याने वस्तू हातात घेऊन बघावी. बोली मालकाला पटली नाही तर त्याने ती उचलून घरी न्यावी, कुणी राग मानत नाही.

काकांचं बघणं हा एक सोहळा असे. घड्याळ हातात आलं की ते आधी तबकडीकडे बघतच नसत. आधी हुंगत. ताज्या पॉलिशचा वास आला की चेहरा पडायचा. मग अंगठ्याने डबीची पाठ चोळत. जुन्या डब्यांवर बारीक नक्षी कोरलेली असते. ती बोटाला लागली तर ठीक, गुळगुळीत लागली तर कुणीतरी घासघासून अर्धी किंमत उतरवलेली आहे. मग तबकडी उजेडात आडवी धरत. पांढऱ्याशुभ्र मिन्यावर केसाएवढी चीर गेली आहे का, आकडे नंतर कुणी रंगवलेत का, काटे त्याच घड्याळाचे आहेत की दुसऱ्याचे. मग पाठ उघडून यंत्रावरचा नंबर आणि डबीवरचा नंबर बघत. झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने ओरखडून ठेवलेल्या खुणा असतात, त्या बघताना मात्र खूश होत. "बघ, एवढ्या लोकांनी याला उघडलं आणि एकानेही खोडसाळपणा केला नाही," असं म्हणत. सगळ्यात शेवटी डोळे मिटून झाकण लावत आणि त्याचा आवाज ऐकत.

"चालतंय का ते बघा ना आधी," मी म्हणायची.

"चालणं काय, कुणीही शिकवेल त्याला," काका म्हणायचे. "तू मूळ आहे का ते विचार."

हीच कसोटी ते साऱ्या जगाला लावत. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी केस काळे केले तेव्हा काकांनी भर सभेत "तबकडी रंगवलीय" असा शेरा मारला. मी मिसळ केली तर म्हणाले, "तर्री नंतर ओतलेली आहे, रश्श्याची नाही." आणि खरंच नव्हती. त्यांच्या स्वतःच्या मुलीसाठी पुण्याचं एक स्थळ आलं तेव्हा त्या मुलाशी व्हिडिओवर बोलून झाल्यावर म्हणाले, "पॉलिश फार आहे, खाली नक्षी शिल्लक आहे की नाही कळत नाही." मुलीने पुढे टोरंटोत स्वतःच लग्न ठरवलं आणि वडिलांना लग्नाच्या दिवसापर्यंत नवरामुलगा दाखवलाच नाही. तपासणीला वेळच ठेवला नाही, असं काकू मोठ्या कौतुकाने सांगत.

हराजात काकांना मान होता. दलाल त्यांना बसायला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, 'मुहंदिस' म्हणजे इंजिनियर अशी हाक मारायचा. कारण अख्ख्या शेडमध्ये आजवर एकदाही बोली न लावलेला हा एकटा माणूस. वर्षानुवर्षं यायचं, प्रत्येक घड्याळ बघायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. व्यापाऱ्यांनी याचा फायदा करून घेतला होता. ते घड्याळाकडे बघतच नसत, काकांच्या चेहऱ्याकडे बघत. काकांनी घड्याळ ताटलीत अलगद ठेवलं तर बोली चढायची. गरम तव्यावरून बोट काढावं तसं चटकन ठेवलं तर दलालाचा घसा कोरडा पडायचा. दम्मामच्या एका व्यापाऱ्याने त्यांना मतासाठी पैसे देऊ केले, तर काका त्याच्यावर असे खेकसले की त्याने पुढचे दोन शुक्रवार तोंड दाखवलं नाही. चेहरा मात्र फुकट होता, आणि तो लपवता त्यांना येत नव्हता.

एकदा परतीच्या वाटेवर मी वैतागून विचारलं, "काका, घ्यायचं नसतं तर आपण येतो कशाला?"

ते म्हणाले, "घेतलं की त्याची खोट आपली होते गं. मग ती सांगताना जीभ अडखळते. न घेतलेल्याबद्दल मला खरं बोलता येतं."

मला तेव्हा ते शुद्ध कंजूषपणाचं समर्थन वाटलं, आणि मी तसं काकूंना सांगितलंही. काकू म्हणाल्या, "कंजूष नाहीत गं. भित्रे आहेत."

त्या शेडमध्ये काकांच्या अगदी उलट असा एक माणूस होता, अबू जवाद. पंचाहत्तरीचे, ऐसपैस देहाचे, कतीफमध्ये खजुरीची बाग असलेले. त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी, मुंबईला जाऊन मोती विकणारे. स्वतः अबू जवाद तरुणपणी तेल कंपनीत हिंदुस्थानी लोकांबरोबर काम केलेले, त्यामुळे घरात थोडी आणि कामावर बरीच अशी हिंदी शिकलेले. ती हिंदी ते अरबी हेल काढून बोलत. इथे मी ती बरीचशी मराठीतच सांगते. ते दर शुक्रवारी काहीतरी विकत घेतच. काटा नसलेलं घड्याळ, झाकण नसलेलं घड्याळ, एकदा तर आत यंत्रच नसलेलं घड्याळ. आधी काकांना विचारत, "मुहंदिस, इसमें क्या खराब?" काका सगळी खोट सविस्तर सांगत. अबू जवाद मन लावून ऐकत आणि मग तेच घड्याळ घेत.

"आता एवढं सांगितलं तरी घेतलंत?" काका चिडत.

"तू सांगितलंस म्हणून तर घेतलं. आता मला माहीत झालं ना, त्याला काय दुखतं ते."

हराज झाला की ते आम्हाला बागेत नेत. सुकवलेल्या लिंबाचा काळा चहा आणि खजूर पुढे येत. दोन म्हातारे बागेतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसून भांडत आणि मी उम्म जवादबरोबर, म्हणजे त्यांच्या बायकोबरोबर, स्वयंपाकघरात गप्पा मारी. मला अरबी शंभरेक शब्द येत आणि तिला हिंदी तेवढेच, पण नवऱ्यांबद्दल बोलायला तेवढे पुरतात.

काका रिटायर व्हायचे होते ते हे शेवटचं वर्ष. फायनल एक्झिटचे, म्हणजे देश कायमचा सोडायचे कागद चालू होते, सामान बांधायला काढलं होतं. त्याच हिवाळ्यात अबू जवादच्या थोरल्या नातवाचं लग्न ठरलं. एका शुक्रवारी अबू जवाद शेडमध्ये आले ते तीन मुलगे आणि तो नातू अशी सगळी फौज घेऊन, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी खिशातून हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक चांदीचं घड्याळ काढलं. त्यांच्या आजोबांनी मुंबईत घेतलेलं. तबकडीवर तिथल्या दुकानदाराचं नाव होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते आम्हाला कधी दाखवलं नव्हतं, आणि आपल्याकडे असं काही आहे हे बोलूनही दाखवलं नव्हतं.

"विकायचं नाही," ते म्हणाले. "नातवाला लग्नात द्यायचं आहे. पण देण्याआधी चारचौघांत त्याची बोली होऊ दे, आजोबांच्या घड्याळाला बाजार काय म्हणतो ते माझ्या पोरांनी ऐकू दे. मग मी ते परत घेईन." आणि मग काकांकडे वळून, जरा जास्तच मोठ्याने, "मुहंदिस, आज बघ."

काकांनी घड्याळ हुंगलं. पाठ चोळली. तबकडी आडवी धरली, आणि त्यांचा चेहरा खुलला, मी पाहिला. तबकडी मूळची, काटे मूळचे, चांदी कुणी घासलेली नाही. मग त्यांनी पाठ उघडली. आतल्या झाकणात, यंत्राची चावी जिथे येते बरोबर तिथे, चावी घालायचं एकच भोक असतं. इथे दोन होती. एक बुजवलेलं, आणि त्याच्या शेजारी नंतर पाडलेलं दुसरं.

काकांनी भिंग डोळ्याजवळून काढलं, रुमालाने पुसलं, पुन्हा लावलं. मग ते माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटले, "डबी एकाची, यंत्र दुसऱ्याचं. जोडकाम आहे गं."

लिलावात याहून वाईट शेरा नाही. चीर गेलेली तबकडी चालते, थांबलेलं घड्याळ चालतं, पण एकाच्या डबीत दुसऱ्याचं यंत्र बसवलेलं असलं की जाणकार त्याला घड्याळ म्हणतच नाहीत, चांदी तेवढी वजनावर घेतात.

"बहोत पुराना है," काका हिंदीत म्हणाले. एवढंच. आणि घड्याळ ताटलीत ठेवलं. अलगद ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण हाताची सवय जुनी होती.

दलालाने पुकारा केला. कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा पुकारा केला. व्यापारी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा वर्षानुवर्षांच्या नियमाने खरं तेच सांगत होता. कुणीतरी खोकलं. दम्मामचा व्यापारी मोबाइल बघू लागला. अबू जवाद मुलांच्या मधोमध उभे होते; ओठांवरचं हसू तसंच होतं, पण ते आता त्यांना धरून ठेवावं लागत होतं. नातू जमिनीकडे बघत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आणि काकांनी हात वर केला.

मी आधी समजले की ते चहा मागताहेत. दलालालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने चहावाल्याला खूण केली. पण काकांनी खणखणीत आवाजात आकडा सांगितला, आणि तो लहान नव्हता.

मग शेडमध्ये जो गोंधळ उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकदम एकच प्रकाश पडला. ज्याने कधी हात उचलला नाही तो उचलतोय! म्हणजे इतका वेळचा पडलेला चेहरा हे नाटक होतं, घड्याळ स्वस्तात मारायचं होतं! दम्मामच्या व्यापाऱ्याने मोबाइल खिशात टाकला आणि काकांच्या वर बोली लावली. त्याच्या वर दुसऱ्याने. मागून तिसरा ओरडला. दलाल स्टुलावर नाचायला लागला.

काकांचा चेहरा पांढराफटक. मित्राची लाज राखायला एकदा खोटं बोलले, आणि आता त्या खोट्यावर विश्वास ठेवून तिसराच कुणी खड्ड्यात पडणार. अबू जवाद विकणार नाही म्हणाले होते खरे, पण मुलगे त्यांच्या कानाशी लागले होते, आणि आकडा असा होता की माणसाचा विचार बदलावा. इन्स्पेक्शनमधल्या माणसाने खोटा जोड पास केला तर स्फोट होतो, हे काका मला शंभरदा सांगून चुकले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती ते जाऊ नये म्हणून ते प्रत्येक बोलीवर आपली बोली चढवत राहिले. मी त्यांची बाही ओढली. "काका, काकूंना काय सांगणार?"

"गप्प बस," ते म्हणाले आणि पुन्हा हात वर केला.

तेवढ्यात अबू जवादनी काठी उचलली. "खलास!"

ते ताटलीपाशी गेले, घड्याळ घेतलं, सरळ काकांसमोर आले, त्यांचा हात उघडला, घड्याळ तळव्यावर ठेवलं आणि काकांची बोटं स्वतःच्या मोठ्या पंजाने मिटवली. "हे विकाऊ नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण माझ्या भावाने या बाजारात आजवर काही मागितलं नाही. आज पहिल्यांदा त्याला काही हवं झालं. त्याच्याकडून मी पैसे घेऊ? ले, मुहंदिस. तेरा है."

काका म्हणाले, नको. अबू जवादचा चेहरा बदलला. काकांनी पुन्हा नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथल्या माणसाला त्याने चारचौघांत दिलेली वस्तू परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, एवढं इतक्या वर्षांत आम्हाला कळत होतं. नातू शहाण्या मुलासारखा हसून टाळ्या वाजवत होता, पण डोळे घड्याळावर होते.

गाडीत काका त्या हिरव्या कापडाकडे बघत बसले होते. आयुष्यातलं पहिलं घड्याळ, आणि तेही जोडकाम, आणि तेही दुसऱ्याच्या नातवाचं. "मी चोरी केली गं," ते म्हणाले. "दिवसाढवळ्या, टाळ्यांच्या गजरात." परत कसं करायचं? 'मला हवं नव्हतं' म्हणायचं, तर बोली का लावली? लाज राखायला लावली म्हणायचं, तर लाज कसली ते सांगावं लागणार, आणि ते ऐकून म्हाताऱ्याच्या आजोबांच्या घड्याळाची माती होणार. काका आठवडाभर नीट जेवले नाहीत. एक्झिटचे कागद पुढ्यात पडून होते आणि हे त्या घड्याळाची पाठ उघडत होते, मिटत होते. दोस्ती मोडून जावं लागणार, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती, आणि मला त्यांची फार दया आली.

काकूंनी एका वाक्यात निकाल लावला. "आहेर करा नवऱ्यामुलाला. आहेराला कुणी नाही म्हणत नाही, इथेही आणि तिथेही." आणि आहेर करायचा तर वस्तू स्वच्छ हवी, म्हणून चिंच भिजत घालायला उठल्या. त्या दिवशी काका जे ओरडले ते खालच्या मजल्यावर मला ऐकू आलं. माझी मुलगी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मम्मा, काका इज बॅक टु नॉर्मल."

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी बागेत आमचं सगळ्यांचं जेवण होतं. पुरुषांची बैठक पाटाकडेला, बायकांची खजुरांच्या पलीकडे. भाताचं मोठं ताट येण्याआधी काका उठले. आहेर जोडीने करायचा म्हणून काकूही उठल्या, आणि काकू एकट्या पुरुषांत कशा जाणार म्हणून त्यांच्यामागे मी. काकूंनी रेशमी खण शिवून थैली केली होती. ती नातवाच्या हातात देत काका हिंदीत म्हणाले, "आमच्यात लग्नाला काकाने आहेर करायचा असतो आणि मुलाने तो घ्यायचा असतो. मी तुझा काका."

नातवाने थैली उघडली, घड्याळ पाहिलं आणि भांबावून आजोबांकडे बघितलं. अबू जवाद हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मुलाने पाणी दिलं. ते ओसरल्यावर त्यांनी काकांना हाताला धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू त्या दिवशी घड्याळ ताटलीत ठेवलंस, तेव्हाच मला कळलं. खराब घड्याळ तू असंच ठेवतोस."

काकांनी मान खाली घातली.

"मला माहीत आहे आत काय आहे ते. मीच केलं ते. या पाटात." त्यांनी बोटाने पाणी दाखवलं. "लहान होतो. घड्याळ पाण्याखाली वाजतं का ते बघायचं होतं. नाही वाजत. आईने गुपचूप मामाबरोबर मुंबईला पाठवलं, तिथल्या कारागिराने आत दुसरं यंत्र बसवून दिलं. आजोबांना सांगितलं, साफ करायला दिलंय. परत आलं तेव्हा आजोबा ते कानाला लावून म्हणाले, आवाज बदललाय. मग स्वतःच म्हणाले, नाही, माझे कान म्हातारे झाले. मरेपर्यंत ते तेच समजत होते." त्यांनी मिशा पुसल्या. "म्हणून तुला कधी दाखवलं नाही. तू उघडणार आणि बोलणार. मग या वर्षी वाटलं, तू चाललास, मीही किती दिवस. एकदा बघू दे याला, बोलायचं ते बोलू दे. आणि तू बोलला नाहीस. हात वर केलास. माझ्या भावाने माझ्यासाठी खोटं सांगितलं, त्याला मी दुसरं काय देणार होतो?"

काकांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. काकू पदराआड हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. माझं मात्र दोन्ही चाललं होतं.

मग काकांनी नाक शिंकरलं आणि एकदम इन्स्पेक्शनच्या आवाजात म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? याला सांगा." आणि नातवाकडे बोट केलं. "कुणी, कधी, कशासाठी बदललं हे घरात माहीत असेल तर त्याला जोडकाम म्हणत नाहीत. दुरुस्ती म्हणतात. दुरुस्ती सगळ्या घड्याळांना असते."

"सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर."

अबू जवादनी मुलांकडे बघितलं, जेवायला आलेल्या भावांकडे बघितलं, खजुरांच्या पलीकडून मान उंचावून बघणाऱ्या उम्म जवादकडे बघितलं. मग काठी टेकत ते उठले आणि अरबीत सांगायला लागले. माझे शंभर शब्द पुरत नव्हते, पण गरजही नव्हती. पंचाहत्तरीचा तो धिप्पाड माणूस कपडे वर खोचून पाटाच्या कडेला ओणवा झाला, हातातलं काल्पनिक घड्याळ पाण्यात बुडवलं, कान पाण्याजवळ नेला, आणि आईने कसं मारलं ते स्वतःच्याच पाठीवर मारून दाखवलं. मुलगे आधी चरकले, मग एकेक करून हसायला लागले. नातू खो खो हसत होता. मग आजोबा घड्याळ कानाला लावतात ते दाखवायची वेळ आली, तेव्हा अबू जवादचा आवाज फुटला, आणि नातवाने उठून त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

ते धापा टाकत काकांशेजारी येऊन बसले. घाम पुसला. नातवाच्या हातातून घड्याळ घेऊन त्याला किल्ली दिली, क्षणभर कानाला लावलं आणि काकांपुढे धरलं.

"अब बोल, मुहंदिस. कितना?"

काकांनी भिंग काढलं नाही. घड्याळ हुंगलंही नाही. त्यांनी ते तसंच नातवाच्या खिशात सरकवलं.

"अब बेचना मत," ते म्हणाले, आणि भाताचं ताट आलं म्हणून सरकून बसले.